पावसाळ्यात मेमरी कार्ड 'दिसत नाही': फॉरमॅट दाबण्याआधी काय काय तपासावं

मिरगाचा पाऊस स्थिरावला की आमच्या देवगड-मालवण पट्ट्यात मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागते. कार्ड दिसत नाही. काल दिसत होतं, आज नाही. काढून परत घातलं की दिसतं, संध्याकाळी पुन्हा गायब. "फोटो खंय गेले?" हा त्यामागचा खरा प्रश्न असतो. हेच फोन, हीच कार्डं एप्रिल-मेमध्ये बिनतक्रार चालतात आणि गणपतीच्या तोंडावर, चाकरमानी गावी आलेले असताना, दगा देतात.

दुरुस्तीचं काम करताना सगळ्यात जास्त जीव तुटतो तो एका गोष्टीसाठी. स्क्रीनवर 'फॉरमॅट' (म्हणजे कार्ड कोरं करून नव्याने मांडणं) किंवा 'सेट अप करा' असं आलं की माणूस घाबरून ते दाबतो आणि मग माझ्याकडे येतो. त्या कार्डावरचं सगळं बऱ्याचदा शाबूत असतं, बिघाड भलतीकडेच असतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. तुमच्या फोनवर आत्ता तो संदेश उघडा असेल तर मागे या, फोन बंद करा, कार्ड बाहेर काढा आणि मग पुढचं वाचा.

बिघाड तीनपैकी एका ठिकाणी असतो. कार्ड आणि फोन यांच्यातला संपर्क नीट होत नाही, किंवा कार्डावरची फाइलींची नोंदवही फाटली आहे, किंवा कार्डच संपलं आहे. तिन्हींची लक्षणं वरवर सारखी आणि उपाय एकदम वेगळे. पहिल्यात पुसून भागतं, दुसऱ्यात दुरुस्ती होते, तिसऱ्यात जेवढं हाती लागतं तेवढं उतरवून घ्यायचं असतं. कुठला प्रकार आहे हे कळल्याशिवाय काहीही दाबू नये.

आधी संदेश नीट वाचा

फोन काय म्हणतो त्यावरून निम्मा अंदाज येतो. 'एसडी कार्ड अनपेक्षितपणे काढलं गेलं' असं काही न करता, फोन खिशात असताना येत असेल, तर संशय संपर्कावर. स्कूटरवरून खड्ड्यातून जाताना किंवा फोन टेबलावर जरा आपटून ठेवताना येत असेल तर जवळपास खात्रीच. 'कार्ड करप्ट आहे' किंवा 'कार्डात अडचण आहे' असं आलं तर नोंदवहीचा घोळ असू शकतो, पण खराब संपर्कामुळेही हाच संदेश येतो, कारण फोनला अर्धवट वाचता येतं आणि तो त्याला बिघडलेलं समजतो. 'हे कार्ड या फोनला चालत नाही' असं आलं तर बऱ्याचदा कार्ड ठणठणीत असतं, त्याची मांडणी त्या फोनला ओळखता येत नाही एवढंच. आणि कुठलाच संदेश नाही, सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये कार्डाचं नावही नाही, तर एक तर संपर्क पूर्ण तुटला आहे किंवा कार्ड मेलं आहे.

दुसऱ्या ठिकाणी लावून बघा

हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त सांगणारा तपास. कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये किंवा कार्ड रीडरमध्ये घाला. यूएसबीचा छोटा रीडर आणि ओटीजी केबल (फोनला रीडर, पेन ड्राइव्ह जोडायची) घरात असू द्या, दोन्ही स्वस्त असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

तिथे कार्ड उघडलं, फोटो दिसले, तर कार्ड चांगलं आहे आणि दोष तुमच्या फोनच्या स्लॉटचा आहे. अशा वेळी पुढचा विचार नंतर, आधी सगळं उतरवून घ्या. तिथेही उघडलं नाही तर उलट तपास करा: दुसऱ्याचं चालू कार्ड तुमच्या फोनमध्ये घालून बघा. ते चाललं तर स्लॉट चांगला, दोष कार्डाचा.

तपासताना दोन गोष्टी सांभाळा. दुसऱ्या फोननेही 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर तिथेही नाही म्हणा. आणि लॅपटॉपला कार्ड लावताना मोठ्या अ‍ॅडॉप्टरात घालत असाल तर त्याच्या कडेचं छोटं सरकतं बटण बघा. ते खाली सरकलेलं असेल तर कार्ड 'राइट प्रोटेक्टेड' दिसतं. मोबाईलच्या छोट्या कार्डाला असं बटण नसतंच, ते अ‍ॅडॉप्टरचं असतं. एवढ्यावरून कार्ड गेलं म्हणून टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो संपर्काचा दोष

जाडं मीठ पावसाळ्यात बरणीत कसं पाझरतं ते आपल्या घरात प्रत्येकाला माहीत आहे. साधं शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडसारखे आणखी ओलावा ओढणारे क्षार असतात, त्यामुळे ते त्याहून कमी आर्द्रतेतही चिकट होतं. किनाऱ्यावरच्या हवेत हे मीठ बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं आणि वारा जिथे जाईल तिथे जाऊन बसतं: खिडकीच्या गजांवर, गाडीच्या साखळीवर, आणि फोनच्या ट्रेच्या फटीतही. उन्हाळ्यात ते कोरडं पडून राहतं. जूनपासून आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर मुक्काम ठोकते आणि तेच कण ओले होऊन धातूवर काम सुरू करतात. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि धातूही खातं. म्हणून तोच फोन मेमध्ये चालतो आणि जुलैत चालत नाही.

मायक्रो एसडी कार्ड 15 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर रुंद. त्याच्या पाठीवर 8 सोनेरी पट्ट्या असतात. या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असल्याने त्या सहसा गंजत नाहीत, फक्त मळतात. खरं दुखणं बहुधा फोनच्या आतल्या बारीक स्प्रिंगांचं असतं. कार्ड घालता-काढताना त्यांच्यावरचा मुलामा घासला जातो आणि आतला धातू उघडा पडतो. शिवाय वर्षानुवर्षं दाबून त्या बसतात. आठपैकी एका पट्टीचा संपर्क सुटला तरी कार्ड दिसेनासं होऊ शकतं.

बोटीवर जाणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं, पण जास्त तीव्र. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तोवर फोन घरात असतो. बंदी उठली की तांडेल-खलाशांचे फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बोटीवर जातात. पिशवीने लाटेचं पाणी अडतं, पण आत अडकलेली दमट हवा अडत नाही. फोन गरम होऊन थंड झाला की आतच दव धरतं. पिशवी वापरायचीच तर तोंड बंद करण्याआधी फोन कोरड्या फडक्याने पुसा आणि आत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका, नवीन चपलांच्या खोक्यात येतात तशा. पुडी जुनी, ओल धरलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही.

सफाई अशी करा. फोन बंद करा, फक्त स्क्रीन नव्हे, पूर्ण बंद. ट्रे काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो 99 टक्क्यांचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. कानकाडीचं टोक किंवा चष्मा पुसायचं मऊ कापड त्यात जेमतेम भिजवून कार्डाच्या पट्ट्या एकाच दिशेने पुसा. काळा डाग राहिलाच तर मऊ पांढऱ्या खोडरबराने अगदी हलक्या हाताने एकदोनदा फिरवा आणि त्याचा भुसा पूर्ण झटकून पुन्हा अल्कोहोलने पुसा. खोडरबर हा रोजचा उपाय नाही. सोन्याचा थर फार पातळ असतो, घासून घासून तोही जातो. ट्रेची चौकट, जिथे कार्ड बसतं ती जागा, तीही पुसा. मग सगळं पंख्याखाली नीट वाळू द्या.

स्लॉटच्या आत सुई, टाचणी, सिम काढायची पिन, यांतलं काहीही घालू नका. स्प्रिंग एकदा वाकली की नुसत्या सफाईने सुधारणारा फोन सोल्डरिंगच्या कामाचा होतो. आतली सफाई दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बारीक ब्रशने करून घ्या, मिनिटांचं काम आहे. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ते मागे चिकटपणा ठेवतं. अत्तर, रॉकेल, पेट्रोल, खोबरेल तेल, यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणी ना कोणी लावून आणलेली मी पाहिली आहे, आणि प्रत्येकाने काम वाढवलं आहे. चुलीच्या वईलावर फोन सुकत ठेवणंही नको. उष्णतेने बॅटरीला धोका आणि धुराची काजळी वेगळी.

मागचं झाकण उघडणाऱ्या जुन्या फोनमध्ये कार्डावर कागदाची घडी दाबून ठेवण्याची युक्ती गावोगाव चालते. ती तात्पुरती चालते हे खरं, पण सततच्या दाबाने स्लॉटचा पत्रा वर उचलला जातो आणि पुढे नवीन कार्डही बसत नाही. फोटो उतरवण्यापुरती वापरा आणि काढून टाका.

ट्रेवाल्या फोनमध्ये आणखी एक जागा बघायची. बऱ्याच फोनांत ट्रेच्या टोकाला बारीक रबरी कडी असते. ती तुटली किंवा बाजारातला बिनकडीचा ट्रे टाकला की दमट हवेला दरवाजा उघडा. पर्यायी ट्रे कधी कधी किंचित वाकडा असतो, त्यात कार्ड केसाएवढं सरकतं आणि पट्ट्या स्प्रिंगांवर नीट येत नाहीत.

नोंदवही फाटते कशी

सफाई झाली, दुसऱ्या फोनमध्येही लावून पाहिलं आणि तरी 'करप्ट' येतं, तर पुढचा संशय फाइलींच्या नोंदीवर. 32 जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट32 पद्धतीने मांडलेली असतात आणि त्यापुढची एक्सफॅट पद्धतीने. दोन्हींत कुठली फाइल कुठून कुठवर आहे याचा एक तक्ता असतो. फोन फाइल लिहीत असतानाच वीज तुटली तर तक्ता अर्धाच राहतो, आणि काय अर्धं राहिलं याची वेगळी टिपण या पद्धतींत ठेवलेली नसते. फोटो कार्डावर असतात, पण त्यांचा पत्ता हरवतो.

आपल्याकडे हे कधी घडतं ते बघा. रात्रभर दशावताराचं शूटिंग करताना बॅटरी शून्यावर येऊन फोन बंद पडतो. पावसात दोन दिवस लाइट नाही आणि फोन 1 टक्क्यावर असताना व्हिडिओ घेतला जातो. डबलबारीची भजनं भरलेलं कार्ड चालू स्पीकरमधून तसंच उपसलं जातं आणि फोनमध्ये घातलं जातं. माझ्या पाहण्यात फोनपेक्षा या स्पीकरांनीच जास्त कार्डं बिघडवली आहेत, कारण त्यांच्यात कार्ड सुरक्षितपणे सोडवण्याचा पर्यायच नसतो. स्पीकर आधी बंद करा, मग कार्ड काढा. फोनमध्ये सेटिंग, स्टोरेज, एसडी कार्ड इथे जाऊन 'इजेक्ट' किंवा 'अनमाउंट' करा आणि मगच ट्रेला हात लावा.

दुरुस्ती विंडोजच्या कॉम्प्युटरवर करता येते, पण क्रम महत्त्वाचा. कार्ड उघडत असेल तर आधी सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा. त्यानंतर ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, आणि तिथलं 'चेक' बटण. हे तक्ता जुळवून देतं, मात्र जुळवताना ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते वेगळ्या नावाने बाजूला काढतं किंवा टाकून देतं. म्हणून कार्ड उघडतच नसेल तर हे पहिल्यांदा करू नका, आधी खाली सांगितल्याप्रमाणे फोटो उतरवा.

अँड्रॉइड फोनही स्वतः अशी डागडुजी करतो आणि कार्डावर 'लॉस्ट डॉट डीआयआर' नावाचं फोल्डर बनवतो. लोक ते कचरा समजून उडवतात. त्यात नुसत्या आकड्यांच्या नावाच्या, शेवटी काही नसलेल्या फाइली असतात. त्या कॉम्प्युटरवर घेऊन नावाच्या शेवटी टिंब आणि 'जेपीजी' जोडून बघा, व्हिडिओ असेल असं वाटलं तर 'एमपी4'. सगळ्या उघडणार नाहीत, पण काही उघडतात, आणि शिमग्याच्या पालखीचा एखादा व्हिडिओ तिथे सापडला की बघणाऱ्याचा चेहराच बदलतो.

फोटो उतरवणं

कार्ड उघडत नाही किंवा चुकून फॉरमॅट झालं आहे, तरी आशा सोडू नका. साध्या, झटपट फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त तक्ता पुसला जातो, मजकूर जागेवर राहतो. तो जातो त्यावर नवीन काही लिहिलं की. म्हणून त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही फोटो काढायचा नाही, गाणं टाकायचं नाही. कॉम्प्युटरवर फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या सगळीकडे शून्यं लिहितात, मग परत काही मिळत नाही.

फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी मी सगळ्यात आधी वापरतो. दिसायला ते जुन्या काळ्या पडद्याचं आहे, पण घाबरू नका, बाणाच्या बटणांनी आणि एंटरने चालतं. ते फाटलेल्या तक्त्याकडे बघतच नाही, कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून फोटो, व्हिडिओ, पीडीएफ अशा फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. त्यामुळे जुनी नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. मोठे व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांत लिहिलेले असतील तर अर्धेमुर्धे येतात, फोटो मात्र लहान असल्याने बरेचसे पूर्ण येतात. सापडलेलं सगळं कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर कधीही नाही. त्याच्या जोडीला येणारं टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन, म्हणजे कार्डावर आखलेला विभाग, शोधून देतं, ते जमलं तर नावांसकट सगळं मिळू शकतं.

वाचताना कार्ड मध्येच थांबत असेल, गरम होत असेल, तर त्याला पुन्हा पुन्हा राबवू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे, ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड भागाकडे नंतर वळतं. एकदा अशी पूर्ण नक्कल काढली की फोटोरेक त्या नकलेवर कितीही वेळा चालवा, कार्डाला त्रास नाही.

फोनवरच चालणारी 'रिकव्हरी' अ‍ॅप मी सुचवत नाही. फोन रूट केलेला, म्हणजे त्याच्या यंत्रणेचे सगळे हक्क उघडलेला, नसेल तर त्यांना कार्डाच्या मुळापर्यंत जाता येत नाही. ती बहुतेक वेळा गॅलरीने बनवलेल्या छोट्या, पुसट प्रती दाखवतात आणि पैसे मागतात.

कार्ड संपलं हे कसं ओळखावं

एक लक्षण फार चकवणारं आहे. तुम्ही फोटो पुसता, पुसले जातात. फोन बंद-चालू करता आणि ते सगळे परत येतात. फॉरमॅट करता, 'झालं' असं येतं, पण उघडावं तर जुनंच सगळं जागेवर. हे व्हायरस नाही. कार्डाच्या आत मेमरीबरोबर एक छोटा नियंत्रक असतो. मेमरीच्या पेशी, म्हणजे माहिती साठवणारे बारीक कप्पे, झिजून नवीन लिहिणं भरवशाचं राहिलं नाही की तो लिहिणं बंद करतो आणि फक्त वाचू देतो. ही कार्डाने दिलेली शेवटची संधी समजा. सगळं उतरवा आणि कार्ड बाजूला करा. कुठलाही फॉरमॅटर त्याला परत लिहितं करणार नाही.

आंब्याच्या बागेत किंवा जेटीवर लावलेल्या वायफाय कॅमेऱ्यांत हे लवकर होतं, कारण तिथे कार्डावर रात्रंदिवस लिहिलं जातं आणि प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. तिथे 'हाय एन्ड्युरन्स' (सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलं कार्ड घाला. फोनमधून काढलेलं जुनं कार्ड कॅमेऱ्याला आणि कॅमेऱ्यातलं परत फोनला, ही अदलाबदल तर अजिबात नको.

खोट्या क्षमतेची कार्डं

जत्रेतल्या आणि रस्त्यावरच्या स्टॉलवर, ऑनलाइनही, काही शे रुपयांत 512 जीबी किंवा 1 टीबी लिहिलेली कार्डं मिळतात. त्यात खरी मेमरी 8 किंवा 16 जीबीची असते, पण नियंत्रकाला खोटं सांगायला लावलेलं असतं. फोनही तोच मोठा आकडा दाखवतो. सुरुवातीचे फोटो ठीक असतात. खरी जागा संपली की पुढचं कुठेच लिहिलं जात नाही किंवा जुन्यावर चढतं, आणि मग फोटोचा वरचा अर्धा भाग दिसतो, खालचा राखाडी. नवीन कार्डावर दोन-तीन महिन्यांत अशी तक्रार आली की मला पहिला संशय हाच येतो.

तपास सोपा आहे. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ3. दोन्ही मोफत. रिकामं कार्ड पूर्ण भरून लिहिलेलं परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. वेळ लागतो: क्लास 10 चं कार्ड सेकंदाला किमान 10 एमबीच्या वेगाने लिहितं, त्या हिशेबाने 64 जीबी भरायलाच पावणेदोन तास. तरी नवीन कार्ड घेतल्या दिवशी हे करा, परत करायची मुदत असेपर्यंत. 64 जीबीचं कार्ड फोनमध्ये 59 जीबीच्या आसपास दिसलं तर मात्र ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि यंत्र 1024 च्या, तो फरक आहे.

जिथे काही बिघडलेलंच नसतं

अँड्रॉइड 6 पासून काही फोनमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज', म्हणजे फोनच्याच मेमरीचा भाग, म्हणून जोडायची सोय आली. तसं जोडलं की फोन ते कुलूपबंद करतो आणि किल्ली त्या फोनमध्येच राहते. असं कार्ड दुसऱ्या कुठेही उघडत नाही, ते बिघडलं आहे असंच दिसतं. मूळ फोन चालू असेल तर त्यातच घालून फोटो बाहेर काढा. तो फोन फॅक्टरी रीसेट केला की किल्ली गेली, फोटोरेकही काही करू शकत नाही. सॅमसंगच्या फोनमधल्या 'एन्क्रिप्ट एसडी कार्ड' या पर्यायाचंही तेच. आमच्या हवेत फोन कधी पाण्याने जाईल सांगता येत नाही, म्हणून कार्ड नेहमी 'पोर्टेबल', म्हणजे काढून कुठेही लावता येईल असं, ठेवा असंच मी सांगतो. जागा कमी मिळते, पण फोन मेला तरी कार्ड वाचता येतं.

आजोबांच्या बटणाच्या फोनमध्ये 64 जीबी कार्ड घातलं आणि तो फॉरमॅट मागतो, तर कार्डाला दोष देऊ नका. अशा अनेक फोनांना 32 जीबीपर्यंतच आणि फॅट32च कळतं. त्यांना छोटं कार्ड घ्या. जुन्या नोकियामध्ये कार्डाला पासवर्ड लावता यायचा. असं कुलूप लागलेलं कार्ड नवीन फोनमध्ये मेल्यासारखं वागतं. फॅट32 कार्डावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे लग्नाचा मोठा व्हिडिओ जागा असूनही कॉपी होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप तर कार्डावर साठवतच नाही, फोनच्याच मेमरीत साठवतं. 'कार्ड रिकामं आणि फोन भरलेला' हे त्यामुळेच.

फोन खाऱ्या पाण्यात पडला तर

फोनची आशा कमी, कार्डाची भरपूर. मायक्रो एसडी कार्ड एकसंध ओतीव असतं, पाणी सहज आत जात नाही. फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, कार्ड काढा. कार्ड स्वच्छ गोड्या पाण्याने नीट धुवा. हे ऐकून लोक दचकतात, पण मीठ धुऊन काढणं हेच मुख्य काम आहे. मग अल्कोहोलने पुसून दिवसभर सावलीत वाळवा आणि नंतरच रीडरमध्ये घाला. तांदळात पुरून काही होत नाही, तांदूळ मीठ काढत नाही आणि पीठ मात्र फटीत जातं. फोनवर 'आयपी68' (पाणी-धूळ सोसण्याची खूण) लिहिलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, समुद्राची हमी त्यात नाही.

गणपतीआधी एवढं करून ठेवा

जुलैच्या शेवटी एकदा कार्ड काढून पुसा आणि सगळं दुसरीकडे कॉपी करा. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत जागा 1 जून 2021 पासून बंद झाली, आता 15 जीबी मोफत आणि तीही जीमेल आणि ड्राइव्हबरोबर वाटून. गावात रेंज आली-गेली असते, व्हिडिओ वर चढता चढत नाहीत. म्हणून ओटीजी लावून पेन ड्राइव्हवर एक प्रत आणि मुंबईला जाणाऱ्याच्या हार्ड डिस्कवर दुसरी, हेच आपल्याकडे जमण्यासारखं. सातबाऱ्याचे, आधारचे फोटो कार्डावर असतील तर त्यांचीही प्रत काढा. नवीन कार्ड घेताना फोटो-व्हिडिओसाठी यू3 किंवा व्ही30 लिहिलेलं बघा, ते सेकंदाला 30 एमबीच्या खाली येत नाही. पहिलं फॉरमॅट फोनमध्येच करा. कॉम्प्युटरवर करायचं झालं तर एसडी असोसिएशनचा मोफत फॉरमॅटर वापरा.

आणि दुरुस्तीला आणाल तेव्हा कार्ड फोनमध्ये न ठेवता वेगळ्या कागदात गुंडाळून आणा. बरोबर एवढं सांगा: संदेश नेमका काय आला, दुसऱ्या फोनमध्ये लावून पाहिलं का, फॉरमॅट किंवा 'फिक्स' दाबलं का, त्यानंतर कार्डावर काही नवीन टाकलं का, आणि कार्ड 'इंटर्नल' म्हणून जोडलं होतं का. 'मला कार्ड नको, फोटो हवेत' हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर दुकानातला पोरगा कार्ड चालू करून देण्यासाठी सगळ्यात आधी फॉरमॅटच करेल.